मागचा माड

सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर आम्ही त्यांचा पलंग मागच्या खिडकीशी लावला. दुसरी जागाच नव्हती. लालबागच्या आमच्या चाळीतलं बिऱ्हाड म्हणजे एक खोली आणि पार्टिशन घालून केलेलं स्वयंपाकघर. पुढे कॉमन गॅलरी, तिथे दिवसभर लोकांची ये-जा. मागे खिडकी, आणि खिडकीबाहेर माड. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वरच्या, डोक्यावर कौलं. माडाचा शेंडा कौलांच्याही वर गेलेला. खिडकीतून त्याचं खोड दिसायचं आणि मान वर केली की झावळ्या.

तो माड सासऱ्यांनीच लावलेला. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते तेव्हा एका मे महिन्यात मालवणहून परतताना कोंब फुटलेला नारळ पिशवीतून घेऊन आले आणि घरगल्लीच्या, म्हणजे चाळीमागच्या अरुंद बोळाच्या, टोकाला, कंपाउंडच्या भिंतीलगत, जी थोडीशी माती उरली होती तिथे त्यांनी तो पुरला. चाळीतले लोक तेव्हा हसले होते म्हणे. मी लग्न होऊन आले तोवर त्याला नारळ धरू लागले होते. दर वर्षी एक माणूस चढून ते उतरवायचा आणि मग परातीत घालून घरोघर पोचवायचं काम माझ्याकडे असायचं. पुढे चढणारा माणूस गावी गेला, मिल तर कधीच बंद झाली होती, आणि माडाकडे बघणं हळूहळू सगळ्यांनीच सोडून दिलं. नारळ वाळून आपोआप पडायचे. आवाज आला की कोणीतरी खाली वाकून बघायचं, एवढंच.

झटक्यानंतर सासऱ्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळजवळ गेलं. चार-दोन शब्द यायचे, तेही मालवणी, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, ओले होऊन. मला बरेचसे कळायचे. माझ्या नवऱ्याला त्याहून जास्त कळायचे, पण तो बस चालवतो, पहाटे बाहेर पडायचा. मी दुपारनंतर परळला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. मुलगी तेव्हा आठवीत होती, तिची शाळा सकाळची. म्हणजे दुपारपासून संध्याकाळपर्यंत घरात आजोबा आणि नात, दोघंच.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या आधीपासून सासरे चिडचिडे झाले. मुलगी खिडकीशी बसून अभ्यास करायला लागली की ते डाव्या हाताने गादीवर थापट्या मारायचे. तोंडातून काहीतरी जोरात निघायचं. तिला वाटायचं, आजोबांना उजेड हवाय, म्हणून ती बाजूला सरायची. मग ते शांत व्हायचे. जरा वेळाने ती परत खिडकीशी आली की परत तेच. एक शब्द मात्र ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. भुंगो. भुंगो. मुलीने एकदा खोलीभर डास मारायचा स्प्रे फवारला आणि भुंगा गेला म्हणून त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मे महिन्यात मी मसाल्यासाठी मिरच्या आणल्या होत्या. एका सकाळी त्या गॅलरीत चादरीवर पसरत होते, तर मागून असा आवाज आला की मला वाटलं गॅसचा स्फोट झाला. धावत आत गेले. सासरे शाबूत होते. खिडकीबाहेर डोकावले तर खाली, तळमजल्याच्या मोरीवर टाकलेल्या पत्र्यावर माडाची आख्खी झावळी पडली होती आणि पत्रा मधोमध दुमडला होता. सुकलेल्या झावळ्या पडताना आम्ही खूप बघितल्या होत्या. ही हिरवी होती. मी वळून सासऱ्यांकडे बघितलं. त्यांचं अर्धं तोंड हलत नव्हतं, पण डोळ्यांत जे होतं ते मला ओळखता आलं. माझी मुलगी लहानपणी तापात बडबडायची तेव्हा तिच्या डोळ्यांत ते दिसायचं. ते घाबरले होते.

मी खाली गेले. घरगल्लीत सहसा कोणी जात नाही, पाइप गळतात, घुशी फिरतात. साडी खोचून, पाय जपत मी माडापर्यंत पोचले. बुंध्याच्या भोवती कोणीतरी कधीतरी सिमेंट ओतलेलं होतं. खोडाला केबलवाल्यांचे आणि दोऱ्या बांधायचे खिळे मारलेले होते. आणि खिळ्यांच्या आसपास भोकं होती. माझं बोट सहज आत जाईल एवढी. त्यांच्यातून तपकिरी, चिकट काहीतरी ओघळून वाळलं होतं आणि चावून चोथा केल्यासारखे धागे बाहेर आले होते. आंबूस वास येत होता.

मी खोडाला कान का लावला ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित फक्त टेकायला गेले असेन. पण कान लागला आणि मला आतून आवाज ऐकू आला. कुरुम, कुरुम. थांबायचा, परत सुरू व्हायचा. एका जागचा नव्हता, वरूनही येत होता आणि माझ्या कानाच्या अगदी पलीकडूनही. कोणीतरी सावकाश, पोटभर जेवत असावं तसा. मी एकदम मागे झाले आणि घाणीत पाय पडला. वर बघितलं. तो एवढा उंच माड, आणि त्याच्या शेंड्याच्या बरोबर खाली आमची कौलं.

भुंगो. मला तेव्हा कळलं.

तळमजल्यावरचे काका आमच्या चाळ कमिटीचे अध्यक्ष. मी त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, माड कधी पडत नाही, वादळात वाकतो आणि परत उभा राहतो, कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. शिवाय चाळ रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे, तेव्हा सगळंच निघेल. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की माझ्याबरोबर या आणि खोडाला कान लावा. ते कुरकुरत आले. कान लावला. बराच वेळ लावून उभे राहिले. मग घरात गेले आणि फोन घेऊन बाहेर आले.

पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात उद्यान विभाग असतो आणि आपल्या आवारातलं झाड आजारी असेल तर तिथे कळवता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या रस्त्याने गेले, पण झाडासाठीही कोणी असतं असं मनात आलं नव्हतं. दोन-तीन दिवसांत तिथली एक तरुण मुलगी आली, उद्यान सहायक. पाठीला सॅक, पायात गमबूट. तिने लाकडी हातोडीने खोड खालपासून हात पोचेल तिथपर्यंत ठोकून बघितलं. काही ठिकाणी आवाज भरीव यायचा, काही ठिकाणी डब्यासारखा. मग ती आमच्या खोलीत आली, खिडकीतून वर बघितलं, मोबाइलने फोटो काढले आणि फोटो मोठा करून मला दाखवला. मधली कोवळी पानं, जिथून माड वाढतो, ती काळी पडून कलली होती.

तिने सांगितलं ते असं. याला सोंड्या भुंगा म्हणतात. खिळ्यांच्या, खाचांच्या जखमेतून तो आत शिरतो, आत अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्या माड आतून खातात. बाहेरून झाड हिरवं दिसतं. कळतं तोवर बहुतेक उशीर झालेला असतो. दर वर्षी शेंडा साफ करून घेतला असता, भोकं दिसल्याबरोबर औषध केलं असतं, तर वाचला असता. आता मधला कोंबच मेलाय, म्हणजे माड मेलाय. धोकादायक म्हणून तोडायची परवानगी लवकर मिळेल, पण खाजगी आवारातलं झाड असल्याने तोडून आपणच घ्यायचं. जाताना तिने एक छापील पत्रक दिलं, झाडांची निगा कशी राखावी याचं, आणि सासऱ्यांच्या पलंगाकडे बघून म्हणाली, "यांना इथून हलवा. आजच हलवा."

मी विचारलं, कधी पडेल.

"ते कोणीच सांगू शकत नाही, ताई. वारा लागतोच असं नाही."

हे तिचं वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. वाऱ्याची भीती असती तर वारा नसताना तरी श्वास घेता आला असता.

त्या संध्याकाळी नवऱ्याने आणि मी पलंग उचलून पुढच्या दाराशी नेला. सासऱ्यांचं तोंड आता गॅलरीकडे आणि पाठ खिडकीकडे. त्यांनी डाव्या हाताने खिडकीचा गज धरून ठेवला होता. नवऱ्याने एकेक बोट सोडवलं. तो ते करत होता तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. रात्री ते जेवले नाहीत. सकाळी पेज भरवायला गेले तर ओठ मिटलेले. दुपारीही तेच. आम्हाला वाटलं, माडाचं दुःख आहे. त्यांनी लावलेला, मुलासारखा वाढवलेला, त्याच्याकडे बघत त्यांचे दिवस जात होते, आणि आम्ही त्यांना त्याच्यापासून तोडलं. मी पलंगावर बसून समजूत घालायला लागले. "बाबा, माड मेलाय. तो कधीही पडेल. तुम्हाला काही झालं तर आम्ही काय करायचं?"

ते म्हणाले, "म्हायत आसा."

मग बराच वेळ त्यांचं तोंड शब्द जुळवत राहिलं. मी रुमालाने ओठ पुसले. नवरा आंघोळ करून आला, तोही पलंगाशी येऊन उभा राहिला. शेवटी ते बोलले, तुकड्या-तुकड्याने, मधे श्वास घेत.

"मी बघतंय. पडाक लागलो तर बोंब मारतलंय. चेडवाक थय बसव नको."

मी बघतो आहे. पडायला लागला तर ओरडेन. मुलीला तिथे बसवू नकोस.

नवरा स्टुलावर बसला. म्हणजे आमच्या कितीतरी आधी, महिनोन्महिने, त्या माणसाने ते शेंड्यातलं मरण बघितलं होतं. गावात माडांखाली वाढलेला माणूस, त्याला कळणारच. आणि सांगता येत नव्हतं. नात येऊन त्याच्याखाली पुस्तक उघडून बसायची आणि हे गादीवर हात आपटायचे. ते माडाची सोबत करत नव्हते. ते पहारा देत होते. एकच हात आणि दोन डोळे चालत होते, ते घेऊन.

नवऱ्याने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मग आम्ही पलंग पुन्हा उचलला आणि खोलीच्या मधोमध आडवा लावला. तिथून खिडकी दिसायची, पण खिडकीपासून ते लांब होते. येताजाता सगळ्यांच्या नडग्यांना पलंग लागायचा. मुलीची पुस्तकं दाराशी आली. सासरे जेवले. छप्पर मात्र तिथेही कौलांचंच होतं, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

परवानगी आली. ती लवकर आली, उद्यान विभागातल्या त्या मुलीने सांगितल्याप्रमाणेच. अडचण पुढे होती. काकांनी भायखळ्याहून एक माड चढणारा माणूस बोलावला. काटक, माझ्याच वयाचा. त्याने पायात दोरीचा फास अडकवला, कमरेला कोयता लावला आणि चढायला लागला. पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या जरा वर जाऊन थांबला. एक हात सोडून त्याने खोडावर तळवा ठेवला, जसा डॉक्टर पाठीवर ठेवतो. मग तसाच खाली उतरला. म्हणाला, हा हलतोय, माझ्या वजनाने हलतोय, मला घरी दोन पोरी आहेत. काकांनी आग्रह केला नाही. त्याला चहा दिला.

शिडीची गाडी घरगल्लीत शिरेना. मग झाडं तोडणाऱ्या एका कंत्राटदाराने येऊन जागा बघितली आणि एकच मार्ग सांगितला. मागच्या इमारतीच्या गच्चीवरून दोर लावायचे आणि वरून तुकडे करत खाली सोडायचे. त्यासाठी मागच्या सोसायटीची संमती हवी. त्यांची मीटिंग व्हायची होती. त्यांना त्यांच्या गच्चीच्या कठड्याची भीती. काका रोज त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. ज्यांनी मला माड पडत नाही म्हणून सांगितलं होतं तेच काका आता वर बघितल्याशिवाय मोरीत जात नसत. घरगल्लीच्या तोंडाला त्यांनी दोरी बांधली आणि खडूने पाटीवर लिहिलं, आत जाऊ नये.

असा जून गेला. त्या दिवसांत माझं शरीर दवाखान्यात असायचं. कोणी दुखऱ्या दाढेचं सांगत असायचं आणि मी त्याच्या डोक्यावरून काचेबाहेर बघत असायचे, समोरच्या झाडाची पानं हलतायत का. हलत असली तर वाऱ्याची भीती. हलत नसली तर उद्यान विभागातल्या मुलीचं वाक्य, वारा लागतोच असं नाही. मी टेबलाखाली फोन धरून मुलीला मेसेज करायचे. ती उत्तरात अंगठा पाठवायची. अंगठा यायला जरा उशीर झाला तर मी लगेच फोन लावायचे. एकदा ती नळावर गेली होती, फोन आतच राहिला. मी डॉक्टरांना काहीतरी सांगून बाहेर पडले आणि निम्म्या रस्त्यावर असताना तिचा अंगठा आला. फुटपाथवर एका दुकानाच्या पायरीवर बसले.

घरी सासऱ्यांचा पहारा चालू होता. वारा सुटला, झावळ्या एकमेकींवर घासल्या, की ते ओरडायचे. त्यांची ती बोंब म्हणजे घशातून निघालेला एकच लांब आवाज, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असा. मुलगी ताबडतोब पुस्तकं टाकून दारात जायची. ते शिकवलं होतं तिला मी. मग आम्ही दोघी मिळून, मी घरी असले तर, पलंग दाराकडे ओढायचो. वारा पडायचा, माड तसाच उभा. खालच्या मजल्यावरच्या एकीने येऊन सांगितलं की त्या ओरडण्याने तिचं तान्हं बाळ दचकून उठतं. मी माफी मागितली. सासऱ्यांना मात्र ओरडू नका म्हणाले नाही. म्हणवलं नाही. रात्री ते नीट झोपत नाहीत हे दिसत होतं, डोळ्यांखाली काळं आलं होतं. नवरा त्यांना सांगायचा, बाबा, आता मी जागा आहे, तुम्ही झोपा. ते मान हलवायचे आणि डोळे उघडेच ठेवायचे.

मागच्या सोसायटीने संमती दिली. कंत्राटदाराने येत्या रविवारी येतो म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा थोडं बरं जेवले.

आणि शुक्रवारी दुपारी, वारा अजिबात नसताना, पाऊस नसताना, दवाखान्याबाहेरच्या झाडाचं एक पान हलत नसताना, मुलीचा फोन आला. "आई, माड," एवढंच ती म्हणाली आणि फोन कट झाला. मी परत लावला. लागला नाही. परत लावला. लागला नाही.

मी कशी धावले मला आठवत नाही. परळहून लालबागपर्यंत मी पुलाखालून, गाड्यांच्या मधून धावले. चप्पल कुठे गेली ते माहीत नाही. एकच विचार होता, तोही पूर्ण नव्हता, नुसतं तिचं नाव होतं. चाळीच्या तोंडाशी गर्दी दिसली तेव्हा मी थांबले. मला पुढे जाववेना. जोवर मी जात नव्हते तोवर काही झालेलं नव्हतं. मग काकांनी मला बघितलं आणि लांबूनच हात वर करून हलवला आणि म्हणाले, "दोघं ठीक आहेत. ठीक आहेत दोघं." मी जिन्याचा कठडा धरून वर गेले.

माडाचा पूर्ण शेंडा, झावळ्या, वाळलेले नारळ, काळा पडलेला कोंब, सगळं मानेपासून तुटून खोडालगत सरळ खाली घरगल्लीत कोसळलं होतं. जाता जाता त्याने आमच्या कौलांचा कोपरा आणि खिडकीवरचा पत्रा नेला. पाण्याचा पाइप फोडला. फोन कट झाला होता कारण मुलीच्या हातातून तो पडला होता. खिडकीखाली, जिथे आधी पलंग असायचा, तिथे फुटक्या कौलांचा आणि धुळीचा ढीग होता, आणि वरच्या भोकातून ऊन त्या ढिगावर पडलं होतं. मुलगी दाराशी उभी होती, पांढरीफटक. तिने मला बघितलं आणि आजोबांकडे बोट दाखवलं. तिला त्यांचीच काळजी वाटत होती.

सासरे रडत होते. अर्ध्या चेहऱ्याने. मी आधी मुलीला मिठी मारली, मग त्यांच्याजवळ गेले, अंगावरची धूळ झटकली, हातपाय चाचपून बघितले. कुठे लागलं नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"माका कळूक नाय, गो. डोळो लागलो."

मला कळलं नाही. डोळा लागला. इतके दिवस इतक्या रात्री जागून काढल्या, आणि नेमका तो क्षण त्यांच्या झोपेत आला. नातीला सावध करता आलं नाही, ती तिच्याच पुण्याईने वाचली, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना सांगितलं की बाबा, ती दाराशी होती. तुम्ही तिला खिडकीशी बसू दिलं नाहीत म्हणून ती दाराशी होती. त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही. ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. मुलगी पलंगाशी खाली बसली आणि तिने त्यांच्या गादीवर डोकं टेकलं. मग हळूहळू त्यांचा श्वास संथ झाला आणि ते झोपले. संध्याकाळी नवरा येऊन कौलांवर ताडपत्री घालत होता, ठोकाठोक चालली होती, तरी ते उठले नाहीत. दुसऱ्या सकाळपर्यंत झोपले.

रविवारी कंत्राटदाराची माणसं आली. शेंडा गेला होता, पण बोडकं खोड उभंच होतं. मागच्या रांगेतल्या सगळ्या खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या होत्या. सासऱ्यांना चाळीतल्या चौघांनी खुर्चीत बसवून खाली नेलं. हॉस्पिटलमधून आणल्यापासून ते पहिल्यांदा चाळीबाहेरच्या उजेडात आले. पुढच्या अंगणात त्यांची खुर्ची ठेवली, कोणी छत्री धरली. लोक येऊन नमस्कार करून जात होते. त्यांना माणसं ओळखू येत होती, डावा हात उचलायचे. मागून करवतीचा आवाज सुरू झाला आणि त्यांनी छत्रीच्या दांड्याला धरलं.

तुकडे दोराने खाली आले, एकही भिंतीला लागला नाही. संपल्यावर एका कामगाराने खोडाचा एक ओंडका पुढे आणून ठेवला, लोकांना बघायला म्हणून. आत खोड उरलंच नव्हतं. ओला, तपकिरी भुसा, आणि त्यात अंगठ्याएवढ्या जाड, पिवळट अळ्या, डोकं लालसर, तोंड हलत असलेल्या. बायका मागे सरल्या. मीही सरले. एवढे दिवस मी जो आवाज झोपेत ऐकत होते त्याला आता तोंड मिळालं होतं आणि ते बघवत नव्हतं. उद्यान विभागातली ती मुलगीही त्या दिवशी स्वतःहून आली होती. तिने सांगितलं, हे असंच टाकू नका, यातून भुंगे निघतील आणि पुढच्या माडाला लागतील, जाळून टाका. पुढचा माड. आमच्या अंगणात, चाळीच्या दर्शनी भागात अजून एक आहे, हे मी त्या गडबडीत विसरूनच गेले होते. मी वर बघितलं. सासरे आधीपासून तिकडेच बघत होते.

भीती तिथे संपायला हवी होती. ती संपली नाही. उलट ती घराबाहेर पडली. मी परळला चालत जाते तेव्हा प्रत्येक झाडाखालून जाताना वर बघते. बुंध्याला सिमेंट आहे का, भोकं आहेत का, भूछत्र उगवलंय का. बसस्टॉपवर मोठा पर्जन्यवृक्ष आहे, त्याची सावली सगळ्यांना हवी असते, मी उन्हात उभी राहते. नवरा म्हणाला, तू डॉक्टरकडे जा. मी त्याऐवजी त्या उद्यान सहायक मुलीला फोन केला. तिने मला एका रविवारच्या वर्गाला बोलावलं. परिसरातल्या एका बागेत पालिकेची माणसं रहिवाशांना झाडांची देखभाल शिकवतात. मी आपलं नाव दिलं आणि गेले. तिथे शिवाजी पार्ककडचे निवृत्त लोक होते, नायगावच्या दोन बायका होत्या, आणि बहुतेकांना गच्चीवर भाजी कशी लावायची ते हवं होतं. मला फक्त एवढं हवं होतं की झाड कधी पडणार हे कसं ओळखायचं. शिकवणारे गृहस्थ म्हणाले की काही खुणा असतात, त्या शिकता येतात, बाकीचं झाडाचं झाडाला माहीत. त्यांनी बुंध्याभोवतीचं सिमेंट कसं फोडायचं, मुळांना पाणी-हवा कशी मिळते, खिळे का मारायचे नाहीत, फांद्या तोडायची परवानगी कुठे मागायची, सगळं सांगितलं. मी सगळं ऐकलं. काही भीती कमी झाली, काही नवी कळली.

आता चाळीत कोणाच्या नातेवाइकांकडे झाड वाकलं की मला बोलावतात. मी जाते, बघते, वॉर्ड ऑफिसला कळवा म्हणून सांगते. त्यांना वाटतं मला झाडांची आवड आहे.

सासरे आहेत. पलंग परत खिडकीशी गेला. खिडकीतून आता मागच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात आणि वर आकाशाचा तुकडा. त्यांना तिथे काही बघण्यासारखं नाही असं मला वाटायचं, पण ते दिवसा झोपतात, गाढ झोपतात, आणि मुलगी दहावीचा अभ्यास करायला त्यांच्या पायाशी बसली तर काही म्हणत नाहीत.

यंदाच्या मे महिन्यात पुढच्या माडाचा शेंडा साफ करायचं ठरवलं. काकांनी तोच भायखळ्याचा माणूस बोलावला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आला. चढायच्या आधी त्याने खोडाला तळवा लावला आणि माझ्याकडे बघितलं. मीही कान लावला. काही ऐकू आलं नाही. तरी तो चढत होता तेव्हा मी अंगणात कोणाला येऊ दिलं नाही, दोन्ही हात पसरून उभी राहिले, दूधवाल्यालाही बाहेर थांबवलं. त्याने वरून सुक्या झावळ्या टाकल्या, झावळ्यांच्या बुडाशी अडकलेल्या जाळ्या काढल्या, पानांच्या बेचक्यांत औषध आणि वाळू भरली. बराच वेळ त्याचं डोकं झावळ्यांत दिसत नव्हतं.

मग त्याने वरून आवाज दिला, "काय नाय ताई, साफ हाय."

मी खालून म्हटलं, परत एकदा बघा.

त्याने पाय घट्ट रोवले, डोकं पुन्हा आत घातलं आणि परत एकदा बघितलं.